घाट उतरण्याआधी

गाड्या माणसांसारख्या बोलत, त्या काळात घाटमाथ्यावर चाकांवरचं एक घर उभं होतं. त्याला इंजिन नव्हतं. पुढचा भार एखाद्या पिकअपच्या पाठीवर टेकवला, तरच ते चालायचं. त्याला खाली कोकणात उतरायचं होतं. आत मांजरी पिल्लांना कुशीत घेऊन झोपली होती, आणि समोर घाटाचा तीव्र उतार होता.

तिथेच उभी असलेली एक लाल पिकअप म्हणाली, “मी डोंगरसुद्धा ओढीन. चल, टेकव भार.”

“तुला भीती नाही वाटत?” घराने विचारलं.

“मला? कसली?”

शेजारच्या करड्या पिकअपने मात्र विचारलं, “तुझं वजन किती?”

घराने संकोचून रिकामं असतानाचं वजन सांगितलं.

“आणि पाण्याची टाकी?”

“भरलेली आहे,” घर हळूच म्हणालं.

“ओढायचं काही नाही, पण एवढ्या वजनाने उतारावर तूच मला ढकलशील. आधी पाणी सोडून दे.”

घराने पाणी सोडलं. लाल पिकअप करडीला हसली, “एवढी घाबरतेस?”

घराने करडीला विचारलं, “अजून भीती वाटते?”

“वाटते. ब्रेक पुन्हा एकदा बघते.”

“बघ,” घर म्हणालं, “आणि मग मला तुझ्याच पाठीवर घे.”