मेहुण्याने धरलेला दोर

वेत्रपूर नगरात राजा सोमदत्त राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांचा जन्म नगराबाहेरच्या डोंगरात, मध काढणाऱ्यांच्या वस्तीत झाला होता. त्या वस्तीची एक रीत होती. मध काढणारा दोराने कड्यावरून खाली उतरे आणि वर दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानेच. बहिणीचा संसार टांगलेला दोर कोणता भाऊ सोडील?

बोधिसत्त्वांचा मेहुणा भद्रक मनाने चांगला, पण भलताच तापट होता. पाठीवर माशी बसली तरी शेजाऱ्याशी भांडण काढी. शेवटी त्याची बहीण खेमा हिनेच त्याला दटावले, "उद्यापासून पहाटे यांच्याबरोबर ध्यानाला बसायचं. माझा संसार तुझ्या हातात, आणि तुझे हात तुझ्या ताब्यात नाहीत!"

भद्रक बसू लागला. आधी तो बसल्या बसल्या घोरे. मग नाक खाजू लागले, मग पाय.

"दाजी, यातून मिळतं तरी काय?" तो कुरकुरे.

"खाज सुटली की लगेच हात उचलू नकोस. श्वासाकडे बघत राहा," बोधिसत्त्व म्हणत. "ती येते तशी जाते."

भद्रकाला गाढ झोप लागू लागली, जेवण गोड लागू लागले, घरचे कुत्रे त्याला पाहून दडेनासे झाले. हे सगळ्यांच्या लक्षात आले, फक्त त्याच्याच नाही.

फुलोऱ्याच्या दिवसांत एका सकाळी दोघे कड्यावर गेले. दुपारी भद्रक मुलगी बघायला जाणार होता. त्या आनंदात हा शहाणा केसांना चमेलीचे तेल चोपडून, वर मुंडासे बांधून आला. आग्या माशांना असा सुवास मुळीच खपत नाही, हे वस्तीत कोणाला ठाऊक नव्हते? बोधिसत्त्व धुराचा पलिता घेऊन खाली उतरले, ऊन चढले, आणि भद्रकाने मुंडासे काढले.

माशा उठल्या त्या थेट त्याच्यावर. कान, नाक, पापण्या, काही सोडले नाही. खाली लोंबकळणाऱ्या बोधिसत्त्वांनी ते पाहिले. दोरावरचा भार हलका व्हावा म्हणून त्यांनी मधाने भरलेला घडा दरीत टाकून दिला आणि हाक दिली, "भद्रका, सोसत नसेल तर दोर सोड आणि पळ. माझा तुझ्यावर राग नाही."

भद्रकाला रडू फुटले. हात सुटायलाच आले होते. तेवढ्यात रोजच्या सवयीने त्याचे लक्ष श्वासाकडे गेले. डंख होते, आग होती, पण एक श्वास सोसता येत होता. मग पुढचा. हात दोरावरच राहिले.

"नाही सोडत, दाजी! या वर!"

त्याने दोर ओढून बोधिसत्त्वांना वर घेतले. बोधिसत्त्वांच्या हातातल्या पलित्याच्या धुराने माशा पांगल्या.

दुपारी भोपळ्यासारखे तोंड घेऊन भद्रक बोधिसत्त्वांबरोबर मुलीच्या दारात उभा राहिला. मुलीचा बाप दचकला. मुलीने, पदुमेने, मात्र सगळी हकीकत ऐकून विचारले, "एवढ्या माशा चावल्या, तर शिव्या किती दिल्या?"

"एकही नाही," बोधिसत्त्व म्हणाले.

"मग हाच चालेल. माझ्या हातची खारट भाजी हा मुकाट्याने खाईल."

भद्रकाला हसायचे होते, पण ओठ हलेनात.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची खेमा म्हणजे आज तुम्हाला भिक्षा वाढणारी उपासिका. भद्रक म्हणजे 'रोज बसून मिळतं काय?' असे विचारणारा हा समोरचा भिक्षू. आणि दोराच्या खालच्या टोकाला मी होतो. काय मिळते, ते मला चांगले ठाऊक आहे. सोसण्याच्या त्या बळाला क्षांती म्हणतात."