परात, पुंगी आणि पाखरं

एका गावात एक शेतकरी होता. माणूस सरळ, पण डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की डबक्यातल्या म्हशीसारखी बसली, उठायचं नावच नाही. घरात बायको आणि दोन लेकी.

त्यांची ज्वारी ऐन चिकात आली, दाणे दुधानं भरले नि पाखरं तुटून पडली. वर्षाची भाकरी त्या कणसांत! ती पाखरांनी खाल्ली तर घरानं काय खावं?

शेतकऱ्यानं घरातली पितळी परात काढली, मचाणावर चढला आणि दणादणा बडवली. पाखरं भुर्रकन उडाली. गडी इतका फुगला, जसा काही किल्लाच जिंकला.

खाली लेकींचे वेगळेच उद्योग. थोरलीनं बांबू मधोमध चिरून त्याला दोरी बांधली. ओढली की फटाफट वाजायचा. धाकटीनं पत्र्याच्या डब्याला बुडात भोक पाडलं, सुतळी ओवली नि ओल्या फडक्यानं ओढली. डबा असा डरकाळला की शेजारची शेळी दावं तोडून पळाली.

"बंद करा ते खूळ!" बाप ओरडला. "आपल्याला आवाज सापडलाय. आता परातच वाजवायची."

"पण आबा, अजून पपईचं देठ वाजवून बघायचंय," धाकटी म्हणाली.

"गप गं!" त्यानं खाली येऊन डबा आणि बांबू दोन्ही हिसकावले नि मचाणाखाली टाकले.

तीन दिवस परात वाजली. चौथ्या दिवशी पाखरं नुसती मान वर करून बघायला लागली. पाचव्या दिवशी एक पोपट परातीच्या ठेक्यावर डुलत डुलत दाणे खात होता. बांधाकडची कणसं पार मोकळी झाली.

शेतकरी रडकुंडीला आला. "बहिरी झाली का काय ही?"

"बहिरी कशानं होतील? सवय झाली त्यांना," बायको म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या साली मी ओरडले की दचकायचात. आता हलता तरी का जागचे?"

शेतकऱ्यानं डोकं खाजवलं. खाली उतरला. डबा उचलून धाकटीच्या हातात दिला. "वाजव बाई. आणि ते पपईचं काय म्हणत होतीस?"

धाकटीनं पपईच्या पानाचं पोकळ देठ कापलं, त्याला चीर पाडली आणि पुंगी बापाच्याच तोंडात दिली. त्यानं गाल फुगवून फुंकली. जो आवाज निघाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. हरभरे जास्त खाल्ले की निघतो, तो. लेकी लोळून लोळून हसल्या, बायकोनं पदर तोंडात कोंबला. पाखरं मात्र एकूण एक पळाली!

मग रोज नवं काहीतरी. एक दिवस मडकी टांगली, एक दिवस वाळक्या भोपळ्यात खडे भरले. पाखरांना ओळख पटायच्या आत आवाज बदललेला. ज्वारी वाचली, खळ्यावर आली, घरात आली.

आणि एका दुपारी शेतकरी ओसरीत बसून ज्वारीच्या धाटाची साल पट्ट्यांनी उचकटून, खाली आडवी काडी खोचून तिच्या तारा करत होता. छेडलं की बारीकसं टुण्ण.

"अहो, पीक घरात आलं. आता कुणाला हुसकताय? एवढ्याशा आवाजानं माशीसुद्धा उठायची नाही."

"कुणाला नाही गं. कसं वाजतंय ते बघतोय."

बायकोनं हातातलं सूप ठेवलं आणि शेजारी टेकली. "ती काडी जरा वर सरकवा," म्हणाली.

तात्पर्य काय, तर एक युक्ती चालली म्हणून हात थांबवू नये. आणि पोरं काही वाजवत असली तर आधी ऐकावं, मग ओरडावं.