मुठीतला दात

फार पूर्वी, वाट चुकलेला माणूस बैलांच्या घुंगरांचा आवाज धरून गावात पोचायचा, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात रायबा नावाचा एक बैल शिकवणारा राहत होता. बैल शिकवणारा म्हणजे काय, तर उंडारणाऱ्या खोंडाला जू, नांगर, गाडी यांची ओळख करून देणारा. पंचक्रोशीत कुणाचाही खोंड वाढीला लागला की तो रायबाच्या गोठ्यात यायचाच.

रायबाचा एक नियम होता. खोंड दारात आला की तो त्याची पाठ बघायचा नाही, शिंगं बघायचा नाही. खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा आणि आधी दात बघायचा. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आलेले असले तर ठीक. नाहीतर मालकाला सांगायचा, "न्या परत. अजून तोंडात दूध आहे याच्या. हुंदडू द्या."

मालक म्हणायचा, "अहो पण अंगानं बघा की कसा भरलाय!"

"अंग खाऊन भरतं. खांदा वेळ आल्याशिवाय भरत नाही."

मग कुणी कितीही गळ घालो, रायबा ऐकायचा नाही. म्हणूनच त्यानं शिकवलेला बैल म्हातारा झाला तरी जू दिसलं की आपण होऊन मान पुढं करायचा. दोनदाती झाल्याशिवाय जू नाही, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

या रायबाला एक लेक होती, मैना. सगळे तिला मैनी म्हणायचे. वय म्हणाल तर, परकर सावरत पळायचं आणि तरी पडायचं, एवढं. रायबा बैलांना खरारा करायचा तेव्हा गळलेले केस मैनी गोळा करायची. पाणी लावून लावून त्यांचा गोळा वळायची, वर आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची, वरून सुतळी. झाला चेंडू. उन्हं कलली की चेंडू घेऊन गायरानात. तिथं गावची सगळी बारकी पोरं जमायची आणि पायानं चेंडू मारत सुटायची.

त्यांच्या खेळाला नियम होते म्हणाल, तर होते आणि नव्हते. चेंडू बाभळीत अडकला की दोन्ही बाजूंनी मिळून दगड मारून तो काढायचा. कुणी पडलं की खेळ थांबवायचा, गुडघ्यावर माती दाबायची, मग पुढं. एका बाजूचं पोर आईनं हाक मारली म्हणून घरी गेलं, की दुसऱ्या बाजूचं एक तिकडं जायचं. कोण जिंकलं ते कुणाच्या लक्षातच राहायचं नाही.

आणि मैनीची एक खोड होती. चेंडू पायाला लागला की ती हसायची. साधंसुधं नाही, खळखळून, पोट धरून. गोठ्यात बसलेल्या रायबाला त्या हसण्यावरून कळायचं, चेंडू आत्ता कुठं आहे. बाभळीपाशी, बांधापाशी, की ओढ्याच्या कडेला. खरारा करता करता तो गालातल्या गालात हसायचा.

नदीपलीकडं दुसरं गाव होतं. दोन्ही गावांची मिळून जत्रा भरायची आणि जत्रेत जवान पोरांचा चेंडूचा सामना व्हायचा. जे गाव जिंकेल त्याचे बैल मिरवणुकीत पुढं. एका साली रायबाचं गाव हरलं. पलीकडचे बैल पुढं नाचत गेले आणि यांचे मागून धूळ खात.

पाटलाच्या हे जिव्हारी लागलं. पारावर सगळे जमले तेव्हा तो म्हणाला, "आपली पोरं उशिरा शिकतात, म्हणून हरतात. बारक्या पोरांचाही सामना लावू. आत्तापासून ईर्षा लागली म्हणजे पुढं हरायचं कामच नाही."

देवळातला गुरव म्हणाला, "पाटील, ती खेळतायत की रोज. आणखी काय खेळवायचं त्यांना?"

"त्याला खेळ म्हणतात होय? एक चेंडू आणि मागं शेळ्या पळाल्यासारखी पळतात. जिंकणं-हरणं काही आहे का त्यात?" पाटील रायबाकडं वळला. "रायबा, तुझ्या मैनीच्या पायात कसब आहे. तू मुक्या जनावराला शिकवतोस, बोलत्या पोरीला शिकवायला काय जड?"

सगळ्या पारानं रायबाकडं बघितलं. रायबाची छाती जरा पुढं आली. तो म्हणाला, "बघतो की."

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला तशी मैनी उठवली गेली. रायबानं गायरानात दोन खुंट्या ठोकल्या. "मैने, यांच्यामधून चेंडू काढायचा. पुन्हा. पुन्हा. आता डाव्या पायानं."

मैनीला आधी गंमत वाटली. चेंडू खुंट्यांतून गेला आणि ती खळखळून हसली.

"हसायचं नाही," रायबा म्हणाला. "हसलं की दम जातो."

मैनीनं ओठ घट्ट मिटले. बापाचं ऐकायचं, एवढं तिला कळत होतं.

पुढं रोज तेच. पहाटे खुंट्या, तिन्हीसांजेला खुंट्या. रायबाचं बघून बाकीचे बापही पोरं घेऊन यायला लागले. बांधावर बापांची रांग आणि खाली पोरं. "अरे पळ की! काय झोपलास काय?" "त्याला कशाला दिलास? तू मार ना!" बाभळीत चेंडू अडकला तर आता पोरं भांडायची, की कुणामुळं अडकला.

रायबाची बायको सगुणा भाकरी वाढताना म्हणाली, "अहो, पोरगी घरातसुद्धा हसत नाही हल्ली."

"सामना होऊ दे. मग हसेल."

"आणि जेवायचं? तेही सामना झाल्यावर का?"

रायबानं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून जेवायला लागला.

पुढच्या सालच्या जत्रेचा दिवस उजाडला. दोन्ही गावं मैदानाभोवती उभी. ढोल, शिट्या, आरोळ्या. एवढी माणसं आपल्याकडं बघतायत हे पाहून एका पोरानं भर मैदानात भोकाड पसरलं, तर त्याच्या आजोबांनी त्याला पाठीत धपाटा घालून परत आत ढकललं. सामना सुरू झाला. कधी हे पुढं, कधी ते पुढं. उन्हं उतरायला आली तरी बरोबरीच. आता जो चेंडू पार करेल तो जिंकणार.

चेंडू मैनीच्या पायात आला. समोर पलीकडच्या गावचं एक बारकं पोर आडवं आलं. दोघांची टक्कर झाली आणि ते पोर तोंडावर आपटलं. मैनी थांबली. गायरानात थांबायची तशीच. ती खाली वाकली, त्याच्या गुडघ्याला लावायला तिनं माती उचलली.

मैदानाच्या कडेच्या बांधावरून रायबा ओरडला. खोंडावर कधी ओरडला नव्हता, असा ओरडला. "सोड त्याला! मैने, मार! मार म्हणतो ना!"

मैनीनं बापाकडं बघितलं. हातातली माती खाली टाकली. चेंडू मारला. खुंट्यांतून पार.

गाव नाचलं. पाटलानं फेटा हवेत उडवला. रायबानं लेकीला खांद्यावर घेतलं आणि मिरवणुकीत बैलांच्याही पुढं चालला. लोक म्हणत होते, "वा रे वाघीण!" मैनीची एक मूठ मात्र घट्ट मिटलेली होती. कुणी विचारलं नाही आणि तिनं उघडली नाही. ती हसलीही नाही. रायबाला वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली. पोरांनी दारातून हाक मारली, "मैने, येतेस का?"

मैनीनं विचारलं, "बांधावर कोण आहे?"

"सगळ्यांचे बाबा."

"मग नाही येत."

तिसऱ्या दिवशीही नाही. चेंडू गव्हाणीत पडून राहिला. हळूहळू बाकीची पोरंही घटली. एकाच्या पोटात दुखायचं, दुसऱ्याचा पाय. बांधावर बाप यायचे, खाली बघायचे, खाली कुणीच नाही. मग तेही घरी जायचे. गायरानात गवत वाढायला लागलं.

रायबा संध्याकाळी खरारा करायचा. कान गायरानाकडं लागायचे आणि तिकडून फक्त वाऱ्याचा आवाज यायचा. एकदा त्यानं गळलेल्या केसांचा पुंजका लेकीपुढं धरला. मैनीनं तो घेतला आणि निमूटपणे उकिरड्यावर टाकून आली. लेकीचं काहीतरी बिघडलंय, हे रायबाला कळलं. पण काय बिघडलंय ते त्याला सापडेना. आजारी खोंडाचं दुखणं त्याला लांबून दिसायचं, इथं घरात समोर बसलेली लेक त्याला वाचता येईना.

असे दिवस गेले आणि एके दिवशी पाटील रायबाच्या गोठ्यात आला. गोठ्यात रायबाच्या घरचाच एक खोंड होता, चांद्या. कपाळावर पांढरा टिळा, अंग असं तुकतुकीत की माशी घसरावी.

"रायबा, पुढच्या जत्रेत गाड्यांची शर्यत लावतोय. या चांद्याला आत्ताच जुंप. पलीकडचे त्यांच्या खोंडांना जुंपायला लागलेत."

रायबानं चांद्याचा खालचा ओठ दाबला. "पाटील, दुधाचे दात आहेत."

"अरे, पण पळतोय बघ कसा! वारा आहे वारा!"

"पळेल की," रायबा म्हणाला आणि चांद्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "आज जुंपला तरी जीव तोडून पळेल. का माहितेय? त्याला पळायची हौस आहे, आणि माझ्यावर भरवसा आहे. मी म्हणतो म्हणून पळेल. जिंकेलही एखाद वेळेस. पण कोवळा खांदा एकदा दुखला ना पाटील, की जन्मभर जू दिसलं की अंग चोरेल. हौस गेली की गेली. मग चाबूक मारा नाहीतर सोन्याचा घास भरवा. मी असले बैल बघितलेत. नुसते उभे असतात, डोळ्यांत काही नसतं."

मैनी गव्हाणीपाशी बसून ऐकत होती. ती उठली. चांद्याजवळ गेली आणि बाप करायचा तसा अंगठ्यानं त्याचा ओठ दाबून तिनं दात बघितले. मग बापाकडं तोंड करून आपलाच ओठ खाली ओढला.

"बाबा, माझे पण दुधाचेच आहेत."

खालच्या दातांत मधे एक खिंडार होतं.

"हा कधी पडला गं?" रायबानं विचारलं.

मैनीनं परकराच्या नेफ्याची गाठ सोडली. आतून तांदळाच्या कणीएवढा दात काढला आणि तळहातावर धरला. "सामन्यात. तो पोरगा धडकला ना, तेव्हा. मी तुम्हाला दाखवणार होते. पण तुम्ही ओरडत होतात."

चांद्यानं मान पुढं करून तिचा तळहात हुंगला.

"बाबा, मी दोनदाती कधी होणार?"

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. रायबा तिच्यापुढं खाली बसला. पंचक्रोशीतल्या खोंडांचे दात बघणारा तो माणूस, लेकीचा तळहात हातात घेऊन त्या एवढ्याशा दाताकडं बघत राहिला. पाटलानं उगाच फेटा नीट केला. मग खाकरून म्हणाला, "पण रायबा, गाव पुन्हा हरलं तर?"

"हरू दे की. हरायला आणि जिंकायला मोठे आहेत गावात. त्यांना पुरते दात आलेत."

पाटील गेला. रायबानं लेकीला भिंतीच्या कडेला नेलं. तिथं उंदराचं बीळ होतं. दोघांनी मिळून दात आत टाकला आणि मैनी म्हणाली, "उंदीरमामा, माझा जुना दात घे, मला नवा दे." मग रायबा गायरानात गेला आणि त्यानं स्वतः ठोकलेल्या खुंट्या स्वतःच उपटल्या. बांधावर एक-दोन बाप उभे होते. त्यांना म्हणाला, "चला, आपापल्या घरी वैरणपाणी बघू. आपण इथं असलो की पोरं येत नाहीत."

म्हणून काही मैनी लगेच खेळायला गेली नाही. दुखावलेला खांदा एका दिवसात बरा होत नाही, हे रायबाला ठाऊक होतं. त्यानं घाई केली नाही. रोज खरारा करायचा आणि केस स्वतःच गोळा करायचा. एका संध्याकाळी तो ते वळत बसला. बैल वळवणारे हात, पण त्यांना चेंडू काही वळता येईना. इकडं फुगायचा, तिकडं खपाटीला जायचा.

मैनी लांबून बघत होती. शेवटी तिच्यानं राहवेना. "बाबा, हा चेंडू आहे का वांगं?"

"चेंडूच आहे. बघ," असं म्हणून रायबानं उभं राहून लाथ मारली. वांगं गेलं वाकडं, ते थेट सगुणा गोवऱ्या थापत होती त्या शेणाच्या पाटीत. फच्च करून शेण उडालं आणि सगुणाच्या नाकावर बसलं.

"अहो, लाज आहे का काही!" सगुणा ओरडली.

आणि मैनी हसली. खळखळून, पोट धरून. मधल्या खिंडारासकट हसली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर रायबा खरारा करत होता. लांबून हसण्याचा आवाज आला. चेंडू बाभळीपाशी होता. मग बांधापाशी. मग ओढ्याच्या कडेला. रायबा उठून बघायला गेला नाही. चांद्याच्या पाठीवरचा हात तेवढा जरा वेळ थांबला.

तुम्ही विचाराल, मैनी पुढं सामने खेळली का? खेळली की. दात आले, खांदा भरला, मग तिनं स्वतःच बापाला सांगितलं, "आता खुंट्या ठोका." कधी जिंकली, कधी हरली. पण चेंडू पायाला लागला की हसायची ती शेवटपर्यंत.

तात्पर्य: दुधाचे दात आहेत तोवर लेकराला खेळ द्यावा, जू देऊ नये, आणि बांधावरून ओरडण्याआधी त्याच्या मुठीत काय आहे ते बघावं.