सुपाची सावली

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे, कोंबड्यांची बोली माणसांना थोडीफार कळत असे, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या उतारावर लहानसं गाव होतं. तिथे टोपल्या विणणाऱ्याची एक मुलगी राहत असे. ती फारशी बोलत नसे. गावातल्या मुली अंगणात जमल्या की ती बांबूच्या ढिगामागे जाऊन बसे.

तिच्या घरच्या कोंबडीने एकदा सहा पिल्लं काढली. मुलीला वाटलं, आता आपल्याला सोबत झाली. ती रोज सुपात कण्या घेऊन अंगणात जाई. पण तिने सूप पुढे केलं की आधी त्याची सावली जमिनीवरून सरके. ती दिसताच कोंबडी घशातून खरखर आवाज काढी आणि सहाही पिल्लं तिच्या पंखांखाली गडप होत.

एक दिवस मुलगी रागावून म्हणाली, "मी काय घार आहे?"

"नाहीस," कोंबडी म्हणाली. "पण वरून सावली आली की पळायचं, एवढंच मी शिकवते. सावली कुणाची, हे बघत बसायला पिल्लांना वेळ नसतो."

मुलीला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दिवसभर कोंबडीला एका मोठ्या टोपलीखाली झाकून ठेवू लागली आणि पिल्लांना शिकवू लागली. आधी तिने सूप अगदी खाली धरलं. सावली इवलीशी पडली आणि तिच्यातच कण्या पडल्या. रोज ती सूप थोडं वर नेई, थोडं जोरात फिरवी. टोपलीखाली कोंबडी खरखरत राही. पिल्लं आधी थबकत, मग कण्या टिपत. पंधरा दिवसांनी अशी गत झाली की सावली पडली रे पडली, सहाही पिल्लं धावत तिच्यात येत आणि माना वर करून चोची उघडत.

ही गंमत बघायला शेजारीपाजारी जमले. कधी न बोलणारी मुलगी सगळ्यांना समजावून सांगू लागली, आधी काय केलं, मग काय केलं. सहांतलं सगळ्यात लहान पिल्लू ठिपक्यांचं होतं. त्याला ती टिपकी म्हणे. टिपकी तर तिच्या मनगटावर चढून बसे. टोपलीखालची खरखर हळूहळू थांबली.

मग एका दुपारी एक पिल्लू कमी भरलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेली.

मुलगी गोंधळली. अंगणात रक्त नव्हतं, झटापटीची खूण नव्हती, कुणी ओरडलंही नव्हतं. तिने बाबांना विचारलं. ते म्हणाले, घारीचं पोट तिला गप्प बसू देत नाही. शेजारीण म्हणाली, एवढं कौतुक झालं, दृष्ट लागली असणार. एक म्हातारा म्हणाला, ही पिल्लंच जरा वेडसर दिसतात. मुलीला प्रत्येकाचं थोडं थोडं खरं वाटलं. पण पिल्लं पळाली का नाहीत, हे कुणीच सांगेना.

तिसऱ्या दिवशी ती दारातच बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं. अंगणातून एक सावली सरकली. तिन्ही पिल्लं धावली, सावलीच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली आणि त्यांनी माना वर केल्या. चोची उघडल्या.

मुलगी किंचाळत पोचेपर्यंत घार दोन पिल्लं घेऊन गेली होती. टिपकी तेवढी उरली. ती अजून वरच बघत होती. कण्या कशा पडल्या नाहीत, याचंच तिला नवल वाटत होतं.

मुलीने टोपली उचलली आणि कोंबडीपुढे बसून ती खूप रडली. "हिला पळायला शिकव," ती म्हणाली.

"माझं ऐकायची तिची सवय तूच मोडलीस," कोंबडी म्हणाली. "आता तिला भिववायचं तर ते तुलाच करावं लागेल."

मुलीने रिकामं सूप घेतलं. सावली पडताच टिपकी धावत आली. मुलीने सूप तिच्या शेजारी धाडकन आपटलं. टिपकी दचकली, चार पावलं मागे गेली, मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा आली. मुलीने पुन्हा आपटलं. टिपकी पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी मुलीने पाणी फेकलं, काठी वाजवली. आपण हिचं भलं करतोय की छळ करतोय, हे तिचं तिलाच कळेना.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काल मनगटावर मिरवत होतीस, आज धोपटतेस. एकदा काय ते ठरव बाई."

 मुलगी सूप आपटत राहिली.

आठव्या दिवशी घार परत आली. अंगणात सावली पडली. टिपकीने वर पाहिलंसुद्धा नाही. ती सुसाट पळाली आणि बांबूच्या ढिगात शिरली. घार रिकाम्या पायांनी डोंगराकडे निघून गेली.

मुलगी आनंदाने ढिगाकडे धावली. खाली वाकून तिने हात पुढे केला. तिची सावली ढिगावर पडली. टिपकी आणखी आत सरकली. मुलगी बराच वेळ तशीच हात पुढे धरून बसली, पण टिपकी बाहेर आली नाही.

पुढे टिपकी मोठी झाली आणि तिने स्वतःची पिल्लं काढली. मुलगी लांबूनच कण्या टाकी आणि मागे सरे. ती दारात जाऊन बसली की मगच टिपकी पिल्लांना बाहेर बोलावी. पिल्लं अंगणभर हुंदडत. ती बघताना मुलीला कधी हसू येई, कधी रडू येई, आणि टिपकी आपल्याला मिळाली की आपण तिला गमावलं, हे तिला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

म्हणून, मुलांनो आणि मोठ्यांनो, कुणालाही लळा लावावा, पण ज्या भीतीवर त्याचा जीव तगून आहे ती भीती आपल्या सुखासाठी काढून घेऊ नये.