तांबटाचा ठेका

रानात माणसांच्या वाटा अजून पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. दर वसंतात तिथे पक्ष्यांची मैफल भरायची. म्हातारा दयाळ पक्षी गायचा आणि छोटा तांबट पक्षी गळ्यातून त्याला ठेका द्यायचा. टुक, टुक, टुक. एकसारखा, ना कमी ना जास्त.

मैफलीचा प्रमुख होता मोर. एके वर्षी तो तांबटाला म्हणाला, "अरे, जरा करामती दाखव! तुझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही."

"बघायचं कशाला? गाणं दयाळकाकांचं आहे."

"मग यंदा सुतार पक्षी वाजवेल."

"वाजवू दे. माझा ठेका असाच राहील," असं म्हणून तांबट लांबच्या वडावर जाऊन बसला.

मैफलीच्या दिवशी सुतार पक्ष्याने वाळक्या खोडावर चोचीने असा कडकडाट केला, की सगळे माना उंचावून त्यालाच बघू लागले. दयाळाला मात्र सम सापडेना. दोनदा तो चुकला, तिसऱ्यांदा गप्पच झाला. कुणीतरी हसलं.

तेवढ्यात वडावरून आवाज आला. टुक, टुक, टुक.

"तुला कुणी बोलावलं?" मोर ओरडला. तांबट थांबला नाही. दयाळाने डोळे मिटले, श्वास घेतला आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. सगळं रान डोललं. तांबटाकडे कुणी पाहिलंही नाही.

मोर नरमला. "बरं, यापुढे तूच वाजव. पण शेवटी एकदा तरी पंख फडफडव."

"नाही," तांबट म्हणाला.

मोर चिडून काही बोलणार, तोच दयाळ उडाला, तांबटाशेजारी जाऊन बसला आणि पुढचं गाणं त्याने तिथूनच सुरू केलं.