राघूचं औषध

माणसांनी नदीकाठी अफू पेरायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. शेताजवळच्या झाडाच्या ढोलीत एक राघू बायकोपिल्लांसह राहायचा. एकदा त्याने अफूचं हिरवं बोंड फोडून चाखलं. अंगात जणू वजनच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला.

हळूहळू एका बोंडाने भागेना. पिल्लांना भरवायचं काम बायकोवर पडलं. बोंड मिळालं नाही की राघूचे पंख थरथरत, पोटात कळा येत, नाक गळत राही.

शेजारची साळुंकी म्हणाली, "राघूभाऊ, आता पुरे करा."

"साळूताई, मी काही मजेसाठी खात नाही," राघू चिडून म्हणाला. "बोंड पोटात गेलं तरच मला पलीकडच्या झाडापर्यंत उडता येतं. औषधच समजा."

"आणि पहिलं बोंड खाण्याआधी काय खाऊन उडायचात?"

तेवढ्यात ढोलीतून राघूचं धाकटं पिल्लू बाहेर आलं. आईने आणलेल्या पेरूवर वाढलेलं ते पिल्लू जरा अडखळलं, मग त्याच्या डोक्यावरून उडत पलीकडच्या झाडावर जाऊन बसलं.