कपाळावरचा शब्द

“उद्या सूर्य मावळायच्या आत राज्यातल्या झाडून सगळ्या राजद्रोह्यांच्या कपाळावर ‘राजद्रोही’ असं गोंद! एक जरी सुटला, तर तू हद्दपार!”

भानुसेन राजाचा हुकूम ऐकून गोंदणारी येसाई हबकलीच. प्रधान विसोपंतांनी यादी उलगडली, ती थेट दरबाराच्या दारापर्यंत गेली. सगळ्यात वर नाव तिच्याच नवऱ्याचं, धोंडूचं!

धोंडूचा गुन्हा काय? राजाचे घोडे नदीच्या वरच्या अंगाला धुवायचे आणि लोकांनी खाली पाणी भरायचं, असा हुकूम होता. धोंडू भर चावडीत म्हणाला, “हा हुकूम चुकीचा हाय.” झालं! विसोपंतांकडे सगळ्या तक्रारींना ‘राजद्रोही’ हा एकच शब्द तयार असे. वाड्यातली आमटी खारट झाली म्हणणारा वाढपीसुद्धा त्यातून सुटला नव्हता.

येसाईनं पदर खोचला. “महाराज, द्रोही वळखायचा कसा, तेवढं सांगा. म्हंजे कुणी सुटायचा न्हाई.”

“त्यात काय अवघड?” विसोपंत म्हणाले. “राजाच्या हुकमाला जो चुकीचा म्हणेल, तो राजद्रोही!”

“अगदी बरोबर!” राजा म्हणाला.

“मग आमच्या धंद्याची एक रीत हाय. नवं गोंदण ज्यानं सुचवलं, आधी त्याच्या अंगावर काढायचं. मग दुसऱ्यांच्या. ह्यो शब्द कुणी सुचवला?”

“आमच्या पंतांनी!” राजानं कौतुकानं सांगितलं. “रीत म्हणजे रीत. पंत, बसा खाली!”

येसाईनं काजळ खललं, सुया काढल्या. चांगल्या लांब होत्या. विसोपंतांना दरदरून घाम फुटला.

“महाराज, हे काय भलतंच!” ते ओरडले. “हा हुकूम साफ चुकीचा आहे!”

“घावला!” येसाई म्हणाली. “धरा कपाळ!”

विसोपंतांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण उशीर झाला होता. राजाला हसू आवरेना. “काय गं, आमचे पंत राजद्रोही?”

“छ्या! त्यांना सुईचं भ्या वाटलं, म्हणून वरडले. ह्या यादीत समदी तसलीच माणसं हायती, महाराज. ज्याला टोचलं, त्यो वरडला!”

राजा पोट धरधरून हसला आणि त्यानं यादी टराटरा फाडली. “येसाईला लुगडं-चोळी आणि सोन्याचं कडं द्या! घोडे उद्यापासून खालच्या अंगाला! आणि पंत, घोडे कुठे धुतात हे बघायला रोज पहाटे तुम्ही जातीनं जायचं. काही म्हणणं आहे?”

विसोपंतांनी येसाईच्या सुयांकडे पाहिलं. “छे छे, महाराज! उत्तम हुकूम आहे!”